प्रस्थानाला ठेवलेला कॅमेरा

हैदराबादहून मालवणला मोटारीनं जायचं, तर वाटेत एक रात्र कुठेतरी काढावी लागते. मुक्काम कुठे करायचा हे आमच्या घरी वडील ठरवत, आणि त्यांची कसोटी एकच असे: जिथे ओळखीचं घर, तिथे मुक्काम. त्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मुक्काम माझ्या पत्नीनं ठरवला. विजापुरात आमच्या ओळखीचं कुणीही नव्हतं. तिला तिथल्या इब्राहिम रोजा या जुन्या मकबऱ्याची छायाचित्रं काढायची होती.

त्या वर्षांत हैदराबादेत रोज नव्या पाट्या लागत होत्या. मी एका नव्या खासगी कंपनीत लागलो होतो. जुनी का होईना, दारात मोटार आली होती. आबिड्सला एक जाहिरातीचं ऑफिस उघडलं होतं. पुण्याहून आणलेला आपला कॅमेरा आणि काही छायाचित्रं घेऊन पत्नी तिथल्या साहेबांना भेटली. ते सभ्यपणे म्हणाले, "शौक अलग, काम अलग, मॅडम. घूमने जा रहे ना? फोटो लाके दिखाओ. जमे तो नए साल का कॅलेंडर तुम्हाराइच."

जमलं नाही, तर वडिलांनी बघून ठेवलेली शाळेतली नोकरी तिनं धरायची, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे वडील बोलले आणि मी गप्प राहिलो. माझ्या अशा गप्प राहण्याला लोक सौजन्य म्हणत. मी स्वतः त्याला काय म्हणावं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

निघायचा दिवस रविवार होता, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल. मला रजा पुढे ढकलता येत नव्हती. तेव्हा वडिलांनी जुना तोडगा काढला: आदल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. प्रवासाला न्यायची एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवली, की प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं मानतात. इतर लोक नारळ-सुपारी बांधून ठेवतात. वडिलांना ते मान्य नव्हतं. "ज्याच्यावाचून प्रवास अडेल, तीच वस्तू ठेवावी. देवाला फसवू नये," असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि समोरच्या घरातल्या खालांकडे, गल्लीच्या मुसलमान मावशींकडे, नेऊन दिली. कोठी बाजारामागच्या आमच्या गल्लीत खालांना आमची ही रीत वर्षानुवर्षं ठाऊक होती. प्रस्थान पुन्हा आपल्या उंबऱ्याआत आणायचं नाही. निघताना मोटार त्यांच्या दारात थांबवायची, बॅग घ्यायची आणि तसंच पुढे जायचं.

सकाळी मोटार सुरू करतो तोच खाला स्वतःच आमच्या दारी आल्या. हातात खोबऱ्याच्या लाडवांचा डबा. त्यांनी दुवा दिली, पत्नीच्या गालावरून हात फिरवला, वडिलांना 'भाईसाब' म्हणत सांभाळून जायला सांगितलं. निरोप आमच्याच दारात झाला. मग त्यांच्या दारात थांबायचं कुणाच्या ध्यानात राहणार?

गुलबर्ग्याला जेवायला उतरलो तेव्हा पत्नीनं डिकी उघडली. कपड्यांच्या पिशव्या खाली काढल्या, पुन्हा आत ठेवल्या. मग ती डिकीच्या कडेवर बसली.

"प्रस्थान," एवढंच ती म्हणाली.

वडिलांचा चेहरा उतरला. पण त्यांची हार नेहमी उपदेशाच्या वाटेनं बाहेर पडे. "विजापूर काय पळून जातंय? पुढच्या वर्षी बघू."

"विजापूर नाही पळत, बाबा. कॅलेंडर पळतं."

"आणि दगडांचे फोटो काढून करायचं काय? चार माणसं उभी करावीत."

"माणसं हलतात."

"दगड रुसत नाहीत तरी!" वडील म्हणाले, आणि इतक्या उतरल्या तोंडानंही ती हसली. मग उठून माझ्यासमोर उभी राहिली. "समुद्र एक दिवस उशिरा पाहिला तर आटणार नाही. कॅमेरा आल्याशिवाय मी विजापूर सोडणार नाही."

समोरच एसटीडी बूथ होता. मी खालांना फोन लावला. "हौ बेटा, अमानत यहींच है," खाला म्हणाल्या. "मैं समझी तुम लोगां मुड़ के आते. बहू को बोलो, रोना नक्को. मैं खुद अब्बीच जाके शाम की बस में रखवाती."

विजापूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मला वाटलं होतं, ती लॉजवर पडून राहील. ती सरळ रोजावर गेली. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद. त्यांच्यामधून ती रिकाम्या हातांनी फिरत होती, कुठे गुडघ्यांवर बसत होती, कुठे भिंतीला पाठ लावून पाहत होती. पश्चिमेच्या बाजूला मशीद ऊन अडवत होती. पूर्वेकडच्या कमानींसमोर मात्र आड यायला काहीच नव्हतं. "सकाळी ऊन इथून आत येईल," ती म्हणाली. "आधी भिंतीवर वर पडेल, मग खाली सरकत जाईल. फार वेळ थांबणार नाही." वडील पायऱ्यांवर बसून ऐकत होते. त्यांनी उपदेश केला नाही.

पहाटे आम्ही तिघेही बसस्टँडवर होतो. बस आली तेव्हा पूर्व उजळली होती. कंडक्टर बॅग छातीशी धरून उतरला. पत्नीनं हात पुढे केला, तसा तो मागे सरला. "भाईसाब कौन? खाला कसम दिए, उन्हींच के हाथ में देना."

अमानत ठेवणाऱ्याच्याच हातात परत गेली. ती घेऊन वडील मोटारीकडे धावले. पायांत कोल्हापुरी चपला, एका हातात धोतराचा सोगा, काखेत बॅग. मी त्यांना त्याआधी धावताना पाहिलेलं नव्हतं.

रोजावर पोचलो तेव्हा ऊन कमानींतून शिरलं होतं, आणि कोरलेल्या अक्षरांची भिंत वरून खाली उजळत होती. पत्नीला काही शोधावं लागलं नाही. आदल्या संध्याकाळी हेरलेल्या जागी जाऊन ती गुडघ्यांवर बसली.

"बाबा, सावली!"

वडील चोरासारखे खांबाला चिकटले आणि तिथून दबक्या आवाजात मला म्हणाले, "तूही हाल की. सूनबाईचं ऊन चाललंय." ऊन अक्षरांवरून ओघळत फरशीवर उतरेपर्यंत ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जात राहिली. मग उभी राहिली. "झालं," ती म्हणाली. त्या एका शब्दात जो जल्लोष होता, तो मी नंतर कुठल्याही मिरवणुकीत ऐकला नाही.

मालवणला समुद्र होता तसाच होता. तिनं त्याचीही छायाचित्रं काढली.

आबिड्सच्या साहेबांनी समुद्र बाजूला सारला आणि विजापूर टेबलावर मांडलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "ये रखते हम."

"खाली माझं नाव येईल ना?" तिनं हिंदीत विचारलं.

"कॅलेंडर पे फोटो वाले का नाम नहीं आता, मॅडम."

जाऊ दे, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते उच्चारले गेले नाहीत याचं श्रेय मला नाही. त्याआधीच ती छायाचित्रं गोळा करू लागली होती. न रागावता, एकेक करून, कडा जुळवून. शेवटचं उचललं तेव्हा साहेबांनी त्यावर हात ठेवला.

"बैठो मॅडम, बैठो. लिखते नाम."

नव्या वर्षी ते कॅलेंडर आमच्या बैठकीच्या खोलीत लागलं. शाळेतल्या नोकरीचं पुन्हा कुणी काढलं नाही. तिचं नाव अगदी बारीक अक्षरांत, खालच्या कोपऱ्यात होतं. पाहुणा आला की वडील त्याला चहाआधी कॅलेंडरसमोर उभा करत, स्वतःचा चष्मा त्याच्या हातात देत आणि म्हणत, "वाचा. मोठ्यानं वाचा."