कारण न सांगता

शर्ट कायम पँटच्या बाहेर, एक माप मोठा. खुर्ची दाराशी. चहा आला की कप जवळ ओढायचा आणि तसाच गार होऊ द्यायचा. खांद्यावर काळी पिशवी, शेजारच्या टेबलापर्यंत जायचं असलं तरी. दुपारी बाराला निघून जायचं, दीडला परत यायचं. कधी कधी दुसऱ्याच शर्टात.

काका आमच्या बस स्थानकाचे वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते काका ठरवायचे, मी माइकवर सांगायचे. साहित्यात एम.ए. करून मला मिळालेलं काम ते हे.

"काका, रोज बाराला घरी? कोण वाट बघतंय एवढं?" चालक विचारायचे.

"पत्रिका पाठवीन हो तुला," काका म्हणायचे. घरी कोणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं. तीन दिवसांत काका गेले. परवा त्यांची धाकटी बहीण सामान न्यायला आली.

"दादाचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "तेव्हापासून पोटावर पिशवी होती. शौच तिच्यात जमा व्हायचं. ती रिकामी करायला बंद खोली लागते, आत पाणी लागतं. तुला बोलला नव्हता?"

नव्हते बोलले. दोन वर्षं आमच्या खुर्च्यांत हातभर अंतर होतं.

स्थानकात तशी एकच खोली आहे, काकांच्या खुर्चीपासून वीस पावलांवर. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह. आत बेसिन, फळी, खुंटी, सगळं. दाराला कुलूप. चावी सफाईवाल्या मावशींच्या कमरेला. पूर्वी लोक आत जाऊन सिगारेटी ओढायचे, म्हणून सहा वर्षांपूर्वी दारावर पाटी लागली : 'चावी फक्त काठी, कुबडी किंवा चाकाची खुर्ची असणाऱ्यांनाच मिळेल.' खाली काकांची सही.

एकदा काका त्या दाराशी उभे दिसले होते.

"मावशी, चावी द्या जरा."

"का हो साहेब, पाय मुरगळला?"

"नाही. असंच."

"असंच नाही चालायचं. सही कुणाची आहे बघा! मी सख्ख्या जावयाला परत पाठवलाय इथनं."

सगळे हसले. मीही. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि मिळेल त्या बसनं घरी गेले. चाळीस मिनिटांचा रस्ता. ती बस सुटल्याचं मीच माइकवर सांगितलं होतं.

ते साहेब होते. हुकूम सोडला असता तर चावी मिळाली असती. पण मावशींनी पुन्हा 'का' विचारलं असतं.

महिन्यापूर्वी एक मुलगी चावी मागत होती. धडधाकट दिसत होती. मावशींनी पाटीवर बोट ठेवलं. मुलगी चार नंबरच्या फलाटाच्या टोकाला गेली आणि स्वेटर पोटाशी गोळा करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची गाडी लागली, सुटली. ती वळली नाही. काका खिडकीतून बघत होते.

"तू भाषा शिकलीस ना?" ते मला म्हणाले. "कारण न विचारता चावी द्यायची, हे नियमात कसं लिहायचं?"

"मग कोणीही उठून मागेल की, काका."

"हो. तेही आहेच," ते म्हणाले आणि खुर्ची दाराकडे वळवून बसले.

मी माइक सुरू केला. पाच नंबरची गाडी यायची होती.

बहिणीनं खण रिकामा करताना एक कागद माझ्याकडे दिला. "हे ऑफिसचं दिसतंय."

वर 'सुधारित सूचना'. खाली काकांचं अक्षर. 'काही आजार वरून' एवढं लिहून खोडलेलं. 'चेहऱ्याकडे पाहून ठरवू नये', तेही खोडलेलं. मग एक ओळ न खोडलेली :

'चावी मागणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला'

पुढे काही नाही. तळाशी सहीपुरती जागा सोडली आहे.