दोष आढळला नाही

लिफ्टवाले मास्तर कामाला वाघ आणि जिभेला तिखट. तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून त्यांचा स्वतःवर फाजील विश्वास बसला होता. कोणी तक्रार केली की लिफ्ट मधेच अडकते, की मास्तर दोनदा वरखाली फिरून येत. लिफ्ट त्यांच्यासमोर शहाण्यासारखी चाले. मग वहीत लिहीत, ‘दोष आढळला नाही’, आणि तक्रार करणाऱ्याकडे असं बघत की तो बिचारा पुढे जिनाच चढे.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना. मास्तरांनी तिला दवाखान्यात नेलं, नाही असं नाही. ईसीजी चांगला आला. डॉक्टरीणबाई पुढे काही समजावत होत्या, पण मास्तर एव्हाना दारापर्यंत पोचले होते. घरी जेवताना त्यांनी मुलींना निकाल सांगून टाकला, "दोष आढळला नाही." मुली हसल्या. बायकोही हसली. त्यानंतर तिचा हात छातीकडे गेला की घरात कोणी ना कोणी ते वाक्य म्हणायचंच. पुढे तिने तक्रार करणं सोडलं. आपण एका वाक्यात बरी केली, असं मास्तर चारचौघांत सांगत.

आणि मग त्या दुपारी, रिकाम्या पोटी तीन चहा झालेले, वर डबा उभ्याउभ्या पाच मिनिटांत कोंबलेला, अशा अवस्थेत मास्तर लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून काम करत होते. छातीत आग उठली. मग दाबल्यासारखं झालं. श्वास घेतील तेवढा कमीच पडे, बोटांना मुंग्या आल्या. आपण गेलो, अशी त्यांची खात्री झाली आणि ते चक्क हंबरडा फोडून रडले. त्यांना वर ओढलं ते चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी आणि वॉचमनने. या आजोबांनाच मास्तरांनी जिना चढायला लावला होता.

त्याच दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, काही तास झोपवून ठेवलं. हृदय ठणठणीत. पित्त वर आलं होतं, आणि भीतीने श्वास भराभर घेतल्यामुळे बाकीचं सगळं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अर्ध्या इमारतीने आपल्याला रडताना पाहिलं, ते पित्तापायी!

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं," ते पुटपुटले.

"झालं होतं की. त्रास खरा असतो," बाई म्हणाल्या. "आणि छातीत दुखलं की घरी बसून ठरवायचं नाही, इथेच यायचं. तुमच्या मिसेस येतात तशा."

तेवढ्यात बायको आली. तिने रडारड केली नाही. उशी उंच केली, त्यांना टेकवून बसवलं आणि सावकाश श्वास सोडायला सांगून हळू आवाजात आकडे मोजू लागली. तिचे हात सरावाचे होते. नर्स तिला बघून हसली, "आज सोबत कोणी तरी आहे म्हणायचं."

मास्तरांचे कान तापले. "किती वेळा आलीस?"

"चारदा."

"एकटी? मला का नाही सांगितलंस?"

तिने त्यांच्या शर्टाची घडी घातली. "सांगून काय झालं असतं? वहीत काय लिहिलं असतंत, मला ठाऊक होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं.

आठवड्याने मास्तर कामावरून लवकर घरी आले. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, तळहात छातीवर. त्यांची चाहूल लागताच हात झटकन खाली आला आणि तिने उठून फडक्याने स्वच्छ ओटा पुसायला घेतला.

आपल्याच घरात आपल्याला बघून बायकोने दुखणं लपवावं, याची मास्तरांना फार लाज वाटली. ते तिच्या स्टुलाशी जमिनीवर बसले.

"मोजू?" त्यांनी विचारलं.

ही थट्टा तर नाही ना, म्हणून तिने त्यांचा चेहरा बराच वेळ निरखला. मग हळूच विचारलं, "मुली आहेत का घरात?"

"नाहीत."

तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली आणि तिने हात पुन्हा छातीवर ठेवला. मास्तर एकपासून मोजू लागले.