मंगलच्या भिंतीवरचा शब्द

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आता गप्प बसण्याचाच संताप येतो — स्वतःचा, आणि आमच्या अख्ख्या कॉलनीचा.

आमची कॉलनी सोलापूरच्या कडेला, विजापूर रोडच्या अंगाला. इथं भिंत रंगवली की लगेच तिच्यावर काहीतरी उमटतं. कुणी बाण घुसलेला बदाम काढतं, कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितं, कुणी माव्याची पिचकारी मारतं. मी या सगळ्यांवर तोंड सोडणारी बाई. कॉलेजच्या पोरांना धरून भिंती पुसायला लावल्यात मी. आणि तरी त्या उन्हाळ्यात सगळ्यात घाणेरडा शब्द लिहिला कुणी?

पाणी तेव्हा पाच-सहा दिवसांआड यायचं. आलं की सगळ्यांचे कान शेजारच्या घराकडे — कुणी नळाला मोटर लावून ओढतंय का? त्या दिवशी आमच्याकडे करंगळीएवढी धार, आणि शेजारी मंगलच्या घरातून सारखी घरघर. मंगल मोडनिंबची. नवरा पुण्याला कंपनीत, घरात ती आणि सासू. भिंतीला नुकताच रंग दिलेला. माझं डोकंच फिरलं. कडी वाजवून विचारावं, हे सुचलं नाही? सुचलं की. पण मग तिनंही मला विचारलं असतं. आमच्या नळाला मोटर नव्हती का? होती, पोत्याखाली झाकलेली. आदल्या वेळी जळाली होती, एवढंच.

भर दुपारी कॉलनी दारं लावून पडलेली असताना, ग्रिलचा उरलेला काळा ऑइलपेंट घेऊन मी तिच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं — पाणीचोर.

मग कुणीतरी तक्रार केली. महापालिकेची माणसं आली आणि सगळ्यांदेखत तिचा नळ उकरून गेली. काहीच निघालं नाही. मोटर आधीच काढून ठेवली असेल, असं लोक म्हणाले. ज्यांच्या घरात मोटरी होत्या, तेच म्हणाले. काय म्हणावं या निर्लज्जपणाला? आणि माझ्या?

पुढे एकदा, नळाला पाणी नसताना, पुन्हा तीच घरघर ऐकू आली. खिडकीतून पाहिलं. मंगल शाळेचे गणवेश शिवत होती. शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली होती तिनं.

तेव्हा तरी मी तोंड उघडलं का? उघडलं — कॉलनीच्या बैठकीत. बाईमाणसाची अशी बदनामी करताना लाज वाटली नाही का, भिंती घाण करणाऱ्याला शोधून काढा, असं तावातावानं बोलले. टाळ्या पडल्या. आवाज मशीनचा होता, हे मात्र गिळलं. ते सांगितलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं असतं ना?

मंगलनं तो रंग सुरीनं खरवडला. खरवडलेली अक्षरंही वाचता येतात. आता पाण्याच्या दिवशी ती मशीन चालवतच नाही. गणवेशांची कितीही घाई असो, नळ जाईपर्यंत हात बांधून बसते.

यंदा संक्रांतीला शेंगापोळ्यांचा डबा घेऊन ती दारात आली. म्हणाली, "काकू, त्या वक्ताला समद्यांत तुमीच तेवढं माज्या बाजूनं बोलला की."

"अगं, त्यात काय एवढं," म्हणाले मी, आणि डबा घेतला.