सहा सेलांचे स्टिकर

आमच्या ह्यांच्या कानातल्या मशीनचा सेल मटाराच्या दाण्याएवढा. त्याच्या पाठीवर रंगीत स्टिकर. तो सोलला की सेल चालू होतो आणि आठवडाभर पुरतो. ह्यांची बोटं थरथरतात, म्हणून सोलायचं काम माझं. मशीन नसलं तर ह्यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

गेल्या पावसाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी सव्वा महिना पुण्याला गेले. मी जाते ती घर लावून जाते. गोळ्या वारांप्रमाणे डबीत, भाजणी बरणीत, गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर. त्याच सपाट्यात कार्डातल्या सहाही सेलांचे स्टिकर सोलले आणि सेल एका डबीत ओळीने मांडून ठेवले.

"दर सोमवारी एक घालायचा. कळलं?"

"कळलं गो! मी काय बालवाडीत आहे?"

आता माझं शहाणपण ऐका. मी रत्नागिरीत जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. ह्या सेलात जस्त असतं. स्टिकरखालच्या बारीक भोकांतून हवा आत शिरली की तिच्यातला ऑक्सिजन आणि जस्त यांची क्रिया सुरू होते. जस्त झिजत जातं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. ते मशीनमधून एकाच दिशेने वाहतात, घरातल्या विजेसारखे पुढेमागे करत नाहीत. हीच दिष्ट धारा. एकदा हवा लागली की सेल वापरा नाहीतर नुसता ठेवा, तो आतल्या आत मरायला लागतो. त्यात आमची पावसाळ्यातली हवा, जिच्यात डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि मी सोलत बसले. कर्म माझं!

पाचव्या सोमवारी ह्यांनी सकाळी पाचवा सेल घातला. मेलेला. सहावा घातला, तोही तसाच. पाऊस जरा ओसरला की बाजारातून नवे आणू म्हणून हे पडवीत थांबले, तेवढ्यात शर्टाच्या खिशातला बटणांचा फोन थरथरला. मुंबईहून माझ्या मोठ्या दिरांचा नंबर. दीर हॉस्पिटलात होते आणि आता काही खरं नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

ह्यांनी फोन कानाला लावला आणि दहा मिनिटं अंदाजाने "हं", "हो दादा" म्हणत राहिले. संध्याकाळी नवे सेल आणून ह्यांनी उलट फोन केला, तोवर दीर शुद्धीत नव्हते. दोन दिवसांनी ते गेले.

पुतण्याने मला फोनवर विचारलं, "काकू, बाबांनी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. काकांना काय सांगितलं हो त्यांनी?" ह्यांनी पुतण्याला सांगितलं होतं, जुन्या गोष्टी निघाल्या. मला म्हणाले, "सेल खराब निघाले."

घरी परत आल्यावर मी सेलांची डबी उघडली, आत ते दोन मेलेले, बिनस्टिकरचे सेल, आणि कशाने मेले ते बघताक्षणी समजले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. वरणाला फोडणी दिली. बाळाचे फोटो ह्यांना दाखवले. नव्या कार्डातला एकच सेल सोलला आणि ह्यांच्या मशीनमध्ये घातला. महिना तसाच गेला. मी जेवत होते, झोपत होते, शेजारणीशी सुरमईच्या भावावर तावातावाने बोलत होते, आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. अजूनही फारसं हलत नाही.

शेवटी एका दुपारी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. "अहो, सेल खराब नव्हते. स्टिकर मी आधीच सोलून ठेवले, म्हणून मेले."

"माहीत आहे," हे म्हणाले. "कार्डाच्या मागे लिहिलंय. त्याच दिवशी वाचलं मी."

"मग बोलला का नाहीत? ओरडायचं तरी माझ्यावर!"

कप रिकामा करून हे म्हणाले, "तुझ्यावर ओरडून काय करू गो? दादा काय म्हणाला ते जाऊ दे. पण तो रडत होता की हसत होता, तेवढं तरी कळायला हवं होतं."