फोन आला की ओट्यावर जायचं

मोबाइल नवा नवा आला तेव्हाची गोष्ट. जालन्याहून अंबडला चालले होते. एसटीत माझ्यामागं बसलेल्या गृहस्थानं आपल्या मेहुण्याच्या मूळव्याधीची सगळी हकीकत अख्ख्या गाडीला ऐकवली. "आता बसता येतं का?" हे तर कंडक्टरपर्यंत पोचलं. अस्सा संताप आला! वळून डोळे वटारले, तर तो भला माणूस माझ्याकडं बघून हसला. मी कपाळावर हात मारला आणि मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या.

नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत फोन त्यांच्याच घरी होता, काकांच्या बियाण्याच्या धंद्यापायी घेतलेला. आम्ही सगळ्या नातेवाइकांना तोच नंबर दिलेला. फोन आला की काकू भिंतीवरून आईला हाक मारायच्या, "वहिनी, जल्दी या." आई पदराला हात पुसत पळायची, मागोमाग मी. आम्ही आत शिरलो की काकूंचं घर बाहेर निघायचं. काका पेपर घेऊन ओट्यावर, पोरं अंगणात. एकदा तर त्यांचे जावई जेवणाचं ताट घेऊन ओट्यावर बसलेले मी पाहिलेत. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं न्हाई, हा काकूंचा कायदा. त्यात जावयालाही सूट नव्हती.

माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न होऊन वर्ष झालं होतं. दिवाळीला माहेरी आली तेव्हा ती दंडावरचे वळ झाकत होती. आईनं ते पाहिले, आणि तरी तिला परत पाठवलं. वडील नव्हते, आणि लोक काय म्हणतील याची आईला भारी धास्ती. मी आईशी कितीतरी दिवस धड बोलले न्हाई.

मंग उन्हाळ्यात एका दुपारी ताईचा फोन आला, तिकडच्या कुठल्याशा एसटीडी बूथवरून चोरून केलेला. मी आईच्या गालाला गाल लावून ऐकत होते. ताई एवढंच विचारत होती, मी येऊ का. बाहेरगावच्या फोनवर तेव्हा ओरडल्याशिवाय काही पोचत नसे, आणि ओट्यासमोर गल्लीतल्या साऱ्या बाया पापड वाळत घालत बसलेल्या. आई पुटपुटायची. ताईला ऐकू जायचं न्हाई, ती परत तेच विचारायची. आईची नजर दाराकडं. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तेवढ्यात ओट्यावर खलबत्ता वाजायला लागला. खण्ण, खण्ण, गल्ली दणाणून गेली. आईनं मान वर केली, दोन्ही हातांनी फोन धरला आणि पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"निघून ये. कोणाला इचारू नको. मी हाय इथं."

डोळे पुसून आम्ही बाहेर आलो. काकू ओट्यावर बसून बत्ता हाणत होत्या. आईकडं न बघताच म्हणाल्या, की चटणी कुटून राह्यले, तुमच्याकडंबी पाठवते. मी वाकून पाहिलं. खलात एकही मिरची नव्हती. काकूंनी झटकन त्यावर पदर ओढला.

दुसऱ्या दिवशी ताई एक पिशवी घेऊन आली. का आली, हे काकूंनी तिला कधीच विचारलं न्हाई. आईलाही न्हाई. अशी माणसं आता कुठं बघायची?

ताई आता अंबडला शाळेत शिकवते. त्या दिवशी एसटीतून उतरून तिच्या घरी गेले, आधी मूळव्याधीवाल्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि बोलता बोलता रिकाम्या खलाचं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत ते सांगायचंच राहिलं होतं. ताईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मला तिकडं ऐकू येत होतं ते," ती म्हणाली, "आईच्या आवाजामागं. वाटलं, आपल्याकडं कुटणं चालू आहे, सगळं बराबर आहे. जावं घरी."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मी चहाचा कप उचलला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.