कानपिळीची पँट

फॅशनच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असं मी सतराव्या वर्षी पनवेलच्या एका टेलरला तोंडावर सांगितलं होतं. ताईच्या लग्नासाठी बाबांनी शिवून घेतलेली माझी नवीकोरी पँट मी त्याच्यापुढे टाकली आणि म्हटलं, "वरची पट्टी काढा, कंबर चार बोटं खाली घ्या." तो म्हणाला, "बाळा, लोक सैल झाली म्हणून घट्ट करायला येतात." पण कापली बिचाऱ्याने. खारघरच्या कॉलेजातली पोरं तशाच पँटी घालून फिरायची. मी काय त्यांच्यापेक्षा कमी होतो?

आईने कपाळाला हात लावला. "पँट हाय का घसरगुंडी? पट्टा तरी लाव!" पट्टा लावला तर आतल्या चड्डीवरचं इंग्रजी नाव झाकलं गेलं असतं. ते दिसावं म्हणून तर सगळा खटाटोप! शिवाय खिशाला लोंबणारी जाडजूड साखळी आणि केसांना अर्धी डबी जेल. आरशात बघून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या दिवशी एक काम मात्र माझ्या एकट्याचं होतं. कानपिळी. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळून दम भरायचा, आमच्या बहिणीला नीट वागव म्हणून. नवरा उरणकडचा, ताईने त्याला दोनदाच पाहिलेलं. सकाळी तिने माझं मनगट धरलं. "जोरान पिळ. माज्या पाठी भाव हाय, ते त्याला कळला पायजे." मी छाती फुगवून म्हटलं, "तू बघच."

नवरा निघाला सहा फुटी. मी चवड्यांवर उभा राहिलो, एक हात त्याच्या खांद्यावर टेकला, दुसरा कानाकडे नेला, आणि साखळीच्या वजनाने पँट सरळ गुडघ्यावर! मांडवात असा हशा पिकला की बस्स. करवल्या किंचाळल्या, आणि बँडवाल्याने वर ढोलावर एक दणका हाणला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

एकटा नवरा तेवढा हसला नाही. खांद्यावरचा शेला ओढून त्याने झटकन माझ्या कमरेभोवती धरला. शेल्याला ताईच्या पदराची गाठ मारलेली, त्यामुळे तीही ओढली जाऊन आमच्यावर आदळली. त्या आडोशात मी पँट वर घेतली.

मग तो खाली वाकला आणि कान माझ्यापुढे केला. "पिळ आता. घाई नाय, मी शेला धरलाय."

मी कान नुसता चिमटीत धरला आणि सोडून दिला.

ताई दातओठ खात कुजबुजली, "जोरान पिळ म्हटला होता ना रं?"

मी म्हटलं, "ताई, गरज नाय."