निवड पुसली की कॉपी झाली

सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं. तृप्ती गांगुर्डे काळ्या खिडकीतला एक आकडा माउसने निवडते, कॉपी करायला उजवं बटण दाबते, शेजारच्या रिपोर्टच्या खिडकीत जाते आणि तो तिथे पेस्ट करते. मग पुढचा पेशंट.

नाशिकमधल्या एका खासगी रक्त तपासणी लॅबमध्ये ती सहा वर्षं हेच करते आहे. तपासणीचं मशीन जुनं. ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निकाल टाकतं. रिपोर्ट बनवणारा प्रोग्राम वेगळा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही जोडून घेण्याचा विषय तिने दोनदा काढला होता. "तू आहेस ना," लॅबचे मालक असलेले डॉक्टर म्हणाले होते.

काळ्या खिडकीत कॉपी झाल्याची खूण एकच: निवडलेला उजळ भाग पुन्हा काळा होतो. पण कीबोर्डच्या एखाद्या बटणाला हात लागला तरी तो काळाच होतो, आणि कॉपी मात्र काहीच होत नाही. आधीचा आकडा तसाच साठून राहतो. हे तृप्तीला पक्कं माहीत होतं. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला तिनेच ते सांगितलं होतं.

त्या दिवशी पिंपळगावच्या बद्रुद्दीन शेख यांचं पोटॅशियम ४.१ आलं, म्हणजे ठीक. त्यांच्यानंतर कुसाबाई. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरी करणारी, किडनीचं जुनं दुखणं, दोन दिवस पायांत त्राण नाही म्हणून रक्त दिलेलं. तिचं ७.२. एवढ्या पोटॅशियमवर हृदय कधीही थांबू शकतं. आकडा निवडलेला असताना तृप्तीचा डावा हात कीबोर्डला टेकला. कुसाबाईच्या रिपोर्टवर ४.१ उमटलं. खरा आकडा पडला असता तर चौकट लाल झाली असती. ती पांढरीच राहिली आणि रिपोर्ट गेला.

पावणेबाराला कागद लावताना तिला लागोपाठ दोन ४.१ दिसले. असं होऊ शकतं. तरी तिने काळी खिडकी वर सरकवून पाहिली.

डॉक्टर केबिनमध्ये होते.

"सर, कुसाबाईंचा रिपोर्ट चुकीचा गेलाय. ७.२ आहे."

"दिंडोरीचं सॅम्पल ना? मोटरसायकलवर रक्त हिंदकळलं की पोटॅशियम चढतंच. पुन्हा लाव, मग बघू."

"तोवर फोन करू का?"

"आणि सांगणार काय? आधी खात्री कर."

तिने सॅम्पल पुन्हा लावलं. तेवढ्यात न विचारता फोनही केला. फॉर्मवर तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव नव्हतं, मोबाईल नंबर होता. फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा मशीनने ७.१ दाखवलं. तिने तोच नंबर पुन्हा लावला, परत लावला.

एक वाजायला आला तेव्हा दिंडोरीच्या कलेक्शन सेंटरचा हर्षल दुपारच्या सॅम्पलची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. हातात मोबाईल.

"काय ताई, नऊ मिसकॉल! बायकोनं पण केले नाय कधी एवढे. गाडीवर होतो, झालं काय?"

तृप्तीने फॉर्मवरचा नंबर पाहिला. मग दिंडोरीच्या बाकीच्या फॉर्मवरचे. सगळीकडे हर्षलचाच होता.

"हा तुझा नंबर आहे?"

"मग? पेशंटचे दिले तर तुम्ही डायरेक्ट बोलावून घ्याल. आमच्या सेंटरनं काय भजी तळायची? एकच नंबर टाकतो सगळ्यांना, कॉपी-पेस्ट."

"कुसाबाई कुठे आहे?"

"सकाळधरनं सेंटरवरच बसली होती. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सांगितलं, तर म्हणली, अर्धा रोज तरी भरल. गेली छाटणीला."

"तिला लगेच दवाखान्यात न्यायला सांग. लगेच."

हर्षलचं हसू गेलं. छाटणीच्या टोळीची मुकादम सुलाबाई साखर तपासायला सेंटरवर यायची, तिचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने स्पीकर लावला.

"कुसा व्हय?" सुलाबाई म्हणाली. "भाकरी बी नाय खाल्ली तिनं. पडलीय बांधाला. झोपू दे म्हणलं, लय दमलीय."

"उठव तिला, मावशी. आत्ता."

चपलांचा आवाज. दोन हाका. मग तिसरी, मोठ्याने.

"हर्षल, ही हलंना रं."

दुरुस्त केलेल्या रिपोर्टवर डॉक्टरांनी दोन वाजून दहा मिनिटांनी सही केली. नियमाप्रमाणे तो फॉर्मवरच्या नंबरवर गेला. हर्षल अजून लॅबमध्येच होता. त्याचा मोबाईल वाजला, त्याने तो पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी टेबलासमोर कागद चिकटवला: प्रत्येक आकडा दोघांनी तपासावा. त्या टेबलावर माणूस एकच असतं. पेशंटचा स्वतःचा नंबर घ्या, असं तृप्तीने सांगून पाहिलं. "सेंटर तुटेल," डॉक्टर म्हणाले, "आणि चूक नंबरची नव्हती."

ते खरंच होतं. आता आकडा निवडताना ती डावा हात मांडीवर ठेवते.

उद्या सकाळी साडेनऊला दिंडोरीची पिशवी येईल. तिच्यातल्या सगळ्या फॉर्मवर हर्षलचा नंबर असेल.